सुर्व्यांची खिरणी आणि निसर्गावरचा एक सिनेमा

ग्वाल्हेरहून आले म्हटलं की जो तो किल्ल्याबद्दल विचारतो. किल्ला मी खालून पाहिला, रिक्षातून, मान वाकडी करून. मोठा आहे, देखणा आहे, वर निळ्या फरश्यांचं काम आहे म्हणतात. वर जायला मला सवड झाली नाही, आणि ती का झाली नाही तेच सांगायला बसले आहे. परत येऊन महिने झाले तरी डोकं थंड झालेलं नाही. ज्यांना गोडगोड प्रवासवर्णन हवं असेल त्यांनी खुशाल पान उलटावं. मी त्यांच्यावर रागावणार नाही, माझा राग दुसरीकडे खर्ची पडला आहे.

मी घोलवडची. शाळेत मराठी शिकवायचे, आता निवृत्त. शनिवारी दुपारी शाळेच्या हॉलमध्ये पोरांना आणि रिकाम्या म्हाताऱ्यांना सिनेमे दाखवते आणि मग सगळ्यांशी भांडते. त्याला आमच्याकडे सिनेमा क्लब म्हणतात. या क्लबाची कीर्ती ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या मराठी मंडळापर्यंत कशी पोहोचली देव जाणे, पण एप्रिलच्या शेवटी त्यांनी सिनेमाचं शिबिर ठेवलं आणि मला बोलावलं. विषय होता सिनेमा, माणूस आणि निसर्ग. मी हरखले. या विषयावर माझ्या पोटात बरंच साचलेलं होतं.

शिंदे की छावनी

उतरायची सोय बापूसाहेब सुर्व्यांकडे केली होती. शिंदे की छावनीत गल्लीच्या आत त्यांचं घर. खाली तीन खोल्या, वर मुलाने नंतर चढवलेला मजला, आणि मधे अंगण. सुर्व्यांचे पूर्वज फौजेबरोबर दक्षिणेतून इकडे आले. बापूसाहेब स्वतः आयुष्यभर विमा कचेरीत होते आणि तलवारीला त्यांनी फक्त दसऱ्याला हात लावला, असं ते स्वतःच सांगतात. उंच, ताठ, पांढऱ्या मिश्या, घरातसुद्धा इस्त्रीचा कुर्ता. बायको जाऊन चार-पाच वर्षं झालेली. मुलगा नोकरीसाठी बाहेरगावी, घर सगळं सून चालवते. तिचं नाव कीर्ती. ती बँकेत जाते आणि बोलताना तिची मराठी अर्ध्या वाक्यात हिंदीची गाडी पकडते.

"आईये मावशी, आराम से बसा. पाणी पिऊन घ्या, फिर चहा करते," असं तिने स्वागत केलं. मला हसू आलं, पण कानाला गोड वाटलं.

बापूसाहेब सगळ्यांना आपण म्हणतात. मला, दूधवाल्याला, अंगणात आलेल्या शेजारच्या कुत्र्यालासुद्धा. मी त्यांच्या भिंतीवरच्या जुन्या घड्याळाचं कौतुक केलं तर लगेच म्हणाले, "आपलंच आहे ताईसाहेब, घेऊन जावं." मी घाबरले. कीर्तीने मागून डोळ्याने खूण केली की घाबरू नका. नंतर तिने समजावलं. इकडे ही बोलायची रीत आहे. घर आपलंच आहे, ताट आपलंच आहे, सगळं आपलंच. देणाऱ्याने बोलायचं, आणि ऐकणाऱ्याने हात जोडून कुठे थांबायचं ते ओळखायचं. आमच्याकडे कौतुक केलं तर समोरचा वस्तूची किंमत सांगतो.

आणि अंगणात खिरणी होती. मी दारातून आत आले आणि पिशवी हातात तशीच राहिली. आमच्या घोलवडला चिकूच्या वाड्या आहेत आणि चिकूचं कलम खिरणीच्या खुंटावर बांधतात. म्हणजे खिरणी मला माहीत होती ती गुडघ्याएवढी, वरून छाटलेली, दुसऱ्याचं ओझं वाहायला लावलेली. तिला वाढू दिलं तर ती एवढी होते हे मी आयुष्यात पहिल्यांदा पाहत होते. जाड काळपट बुंधा, वर गच्च गडद पानं, खाली अंगणभर सावली. बाहेर लू, म्हणजे इकडचा भाजून काढणारा उन्हाळी वारा, सुटलेली, रस्त्यावर उघड्या डोळ्यांनी बघवत नव्हतं, आणि इथे त्या सावलीत माठाचं पाणी खरोखर गार लागत होतं. फांद्यांवर बोराएवढी हिरवी फळं लगडलेली. बापूसाहेबांच्या आजोबांनी लावलेलं झाड. फार सावकाश वाढतं हे झाड, लावणाऱ्याला फळ मिळत नाही.

त्या झाडाची एक रीत आहे. त्याला कोणी हात लावायचा नाही. फळं पिवळी झाली की रात्री खाली जुनी चादर अंथरून ठेवायची आणि सकाळी जी पडली असतील ती गल्लीत वाटायची. दगड मारायचा नाही, फांदी हलवायची नाही. बापूसाहेब म्हणाले, त्यांच्या लहानपणी त्यांनी काठीने पाडली होती तेव्हा आजोबांनी दिवसभर उपाशी ठेवलं होतं. गल्लीतल्या कारट्यांनासुद्धा हे ठाऊक आहे. बाकी सगळ्या गावाच्या आंब्यांना दगड मारतात, पण या झाडाखाली येऊन तोंड वर करून उभी राहतात. मला हे इतकं आवडलं की भाषणात घालायचं ठरवलं.

दौलतगंज

शिबिर दौलतगंजात एका शाळेच्या सभागृहात होतं. सकाळी कीर्तीने बेडई, म्हणजे डाळीचं सारण भरलेली पुरी, आणि बटाट्याची झणझणीत भाजी खायला घातली होती. इकडे सकाळी-सकाळी तळणीतलं खातात, आणि वर जिलेबी. कांदेपोह्यांवर वाढलेलं माझं पोट पहिल्या तासात कुरकुरलं. सभागृहात पंखे गरम हवा ढवळत होते. मंडळी मात्र जमली होती. कॉलेजची मुलं, काही प्राध्यापक, दोन-चार निवृत्त अधिकारी.

माझं म्हणणं मी सरळ मांडलं. आपल्या सिनेमात निसर्ग म्हणजे घरगडी. प्रेमात पडायचं असेल तर पाऊस पाडा, बाप मेला तर वीज चमकवा, खलनायक आला तर कावळा ओरडवा. नदी असते ती कोणीतरी जीव द्यायला. डोंगर असतो तो मागे उभा राहायला. झाड वाळतं ते घरातली बाई वाळते म्हणून. झाडाला स्वतःचं काही कारण असतं, कीड लागते, मुळं तुटतात, पाणी मिळत नाही, हे कोणी दाखवत नाही. आपण निसर्गाकडे बघतो असं आपल्याला वाटतं, आणि तिथेही बघतो आपलंच तोंड.

मग मी माझी आवडती चित्रफीत लावली. माझा एक विद्यार्थी वन खात्यात आहे, त्याने पाणवठ्यावर लावलेल्या कॅमेऱ्यातली. कॅमेरा हलत नाही. पाणी आहे, बराच वेळ काही होत नाही, मग एक भेकर येतं, कान हलवतं, पाणी न पिताच निघून जातं. बस. त्याला आपली पर्वा नाही, हेच मला त्यात आवडतं. सभागृहात जांभया सुरू झाल्या.

"पण मॅडम, यात गोष्ट काय आहे?" मागच्या रांगेतून एकाने विचारलं.

तो निनाद. मुंबईचा दिग्दर्शक, पस्तिशीचा, खादीचा सदरा, गळ्यात रुद्राक्ष, बोलणं लोण्यासारखं. शिबिराचा दुसरा पाहुणा तोच होता. मी म्हटलं, गोष्ट भेकराला विचारा. लोक हसले, तोही हसला. तेव्हा मला तो बरा वाटला होता, खोटं कशाला बोलू.

दुपारी त्याने आपल्या नव्या सिनेमाचा कच्चा भाग दाखवला. सुरुवातीलाच पाटी आली, की या चित्रपटाच्या निर्मितीत कोणत्याही प्राण्याला इजा झालेली नाही. मग अंगण आलं, माठ आला, आणि मी खुर्चीत पुढे सरकले. ती खिरणी होती. सुर्व्यांची खिरणी, हिवाळ्यातल्या उन्हात, फांदीफांदीवर पोपट. कथा अशी, की एका विधुराचं आणि झाडाचं नातं आहे. बायको गेल्यावर तो झाडाशी बोलतो. शेवटी तो मरतो आणि त्या दिवशी झाडाची सगळी पानं गळून पडतात. निनाद म्हणाला, हिवाळ्यात बहुतेक चित्रीकरण झालं, आता फक्त शेवट राहिला आहे. आणि शिबिराच्या मंडळींसाठी खास भेट म्हणून तो शेवट उद्या सकाळी सगळ्यांसमोर चित्रित होणार.

मी विचारलं, खिरणी सदाहरित आहे, तिची पानं अशी गळत नाहीत, उद्या कशी गळणार?

"माणसं लावली आहेत मॅडम. पहाटेपासून खुडतील," तो शांतपणे म्हणाला.

लोकांनी टाळ्या वाजवल्या. मला आधी वाटलं माझ्या ऐकण्यात चूक झाली.

खासगी बाजार

संध्याकाळी मंडळाच्या सचिवांनी आम्हा पाहुण्यांना खासगी बाजारात कुल्फी खायला नेलं. जुनी गल्ली, वर लोंबणाऱ्या तारा, खाली स्कूटर, गाय, भाजीची गाडी, आणि त्यातून वाट काढत आम्ही. कुल्फी उत्तम होती. मला तिची चव आठवत नाही, कारण मी पूर्ण वेळ निनादशी भांडत होते आणि ती माझ्या मनगटावरून कोपरापर्यंत ओघळली.

मी त्याला सांगितलं, एप्रिल संपत आलाय, लू चालू आहे, अशात सदाहरित झाडाची पानं ओरबाडली तर ते मरेल. आणि फांद्यांवर फळं आहेत. त्याने ऐकून घेतलं. हा माणूस सगळं ऐकून घेतो, हीच त्याची मोठी खोड. मग म्हणाला, निसर्गात स्वतःला सावरायची अफाट ताकद असते. मी म्हटलं, तुझ्या डोक्यावरचे केस एकेक उपटते, बघू किती ताकद आहे. सचिव मधे पडले आणि आणखी एक कुल्फी मागवली.

मग मला एकदम पोपट आठवले. मी विचारलं, एवढे पोपट कुठून आणले? तर म्हणाला, ते कॉम्प्युटरवर केले. खरे पक्षी वापरायचे तर परवानगी लागते, तपासणी होते, फार कटकट.

"मग पानंही कॉम्प्युटरवरच काढ की," मी म्हटलं.

तो दुखावल्यासारखा झाला. म्हणाला, "नाही मॅडम. निसर्गाशी मला खोटेपणा करायचा नाही."

मी तीस वर्षं वर्गात उभी राहिले आहे. बथ्थड पोरं पाहिली, खोटारडी पाहिली, पण असं तोंडावर बोलणारं कोणी पाहिलं नव्हतं. पोपटाला कायद्याचं संरक्षण आहे म्हणून पोपट खोटा चालतो, आणि झाडाला कोणी विचारत नाही म्हणून झाड खरंच हवं. वर त्याचं नाव प्रामाणिकपणा! माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी कुल्फीची काडी तिथेच टाकली आणि एकटी रिक्षा करून घरी आले.

बापूसाहेब अंगणात खुर्ची टाकून बसले होते. मी बसायच्या आधीच सुरू झाले. तुम्हाला माहीत आहे का उद्या काय होणार आहे, तुम्ही हो कसं म्हणालात. त्यांनी खुर्ची माझ्याकडे वळवली. शेवटी म्हणाले, हिवाळ्यात हा मुलगा आला, मोठ्या नम्रपणे बोलला, तेव्हा मी म्हणालो, घर आपलंच आहे, झाडही आपलंच आहे. त्याने हात जोडले. मला वाटलं त्याला समजलं.

"समजलं नाही त्याला," मी म्हटलं. "आता सांगा की नाही जमणार."

"शब्द दिला आहे, ताईसाहेब."

"तो शब्द नव्हता. ती रीत होती. तुम्ही मला घड्याळ दिलंत, ते मी नेलं का?"

 आतून कीर्तीचा आवाज आला. ती कणीक मळत होती आणि परातीवर राग काढत होती. "मी तेव्हाच बोलले होते, बापूसाहेब, मना कर दीजिए. पण नाही! सुर्व्यांचा शब्द. शब्द काय झाडाला विचारून दिला होता?" सासऱ्यासमोर ती एवढ्या मोठ्याने बोलली हे त्या घरात नवीन असावं, कारण बोलून झाल्यावर ती बराच वेळ बाहेर आली नाही.

मी बापूसाहेबांना खूप बोलले. माणूस सत्तरी पार केलेला, मी त्याच्या घरची पाहुणी, त्याच्या ताटात जेवलेली, तरी बोलले. चीड त्या मुंबईच्या लबाडाची होती, आणि ती यांच्या सज्जनपणावर निघत होती. या सज्जनपणाचाच मला जास्त संताप येत होता. लबाड माणसाला एक दार बंद करता येतं, पण सज्जन माणूस आतून कडी काढून देतो.

अंगण

उजाडलं तेव्हा शिड्या लागलेल्या होत्या. बांबूचा मांडव झाडाभोवती उभा केला होता आणि माणसं कामाला लागली होती. शिबिराची मंडळी भिंतीला टेकून चहा पीत होती, हातात फोन. बापूसाहेब पांढरा कुर्ता, डोक्याला टोपी, लग्नघरच्या यजमानासारखे तयार होऊन माणसांना स्वतः पाणी देत होते. कीर्तीने बँकेत सुट्टी टाकली होती आणि स्वयंपाकघराचं दार लावून घेतलं होतं.

खिरणीचं पान खुडलं की देठातून पांढरा चीक येतो. मला हे घोलवडला माहीत होतं, कलमं बांधताना हाताला चिकटतो तो. पण एका वेळी हजारो देठ मोकळे झालेले मी पाहिले नव्हते. चीक थेंबाथेंबाने खाली ठिबकत होता, माणसांच्या हातांवर, शिडीवर, बापूसाहेबांच्या टोपीवर. निनाद धावत आला. मला वाटलं थांबवायला आला. तो कॅमेरावाल्याला ओरडून सांगत होता, हे घे, हे जवळून घे, झाड रडतंय! त्याचा चेहरा अगदी उजळला होता.

मग मला राहवलं नाही. मी जाऊन बुंध्याला पाठ लावून खाली बसले. ठरवून केलं नव्हतं, पाय तिकडे गेले. निनाद आला आणि म्हणाला, "मॅडम, जरा फ्रेमच्या बाहेर व्हाल का?" मी म्हटलं, होत नाही. आता सगळ्यांचे फोन माझ्याकडे वळले. सचिव हात चोळत उभे. कॉलेजची मुलं कुजबुजत होती, ये तो असली सीन हो गया.

बापूसाहेब आले आणि माझ्यासमोर वाकले. "ताईसाहेब, उठावं. पाहुण्यांसमोर माझी शोभा होते आहे." त्यांच्या टोपीवर चिकाचे ठिपके होते. त्या माणसाच्या डोळ्यांत एवढी विनवणी होती की मी उठले. उठायला नको होतं. आजही वाटतं, नको होतं.

ऊन चढत गेलं आणि अंगणात ऊन शिरू लागलं. तिथे ऊन कधी आलंच नव्हतं, फरशीचा रंगसुद्धा वेगळा दिसत होता. माठावर ऊन आलं तेव्हा कोणीतरी तो सरकवला. जवळजवळ अर्धं झाड उघडं झालं होतं, आणि वरच्या माणसाला एक डहाळी आवरेना म्हणून त्याने ती मोडूनच खाली टाकली. तिच्यावरची हिरवी फळं फरशीवर टपटप उडाली.

बापूसाहेब वाकले आणि फळं वेचायला लागले. खाली पडलेलं उचलायचं, ही त्या घरची रीतच. टोपी काढून तिच्यात ते एकेक फळ टाकत होते. मग एक फळ हातात धरून तसेच उभे राहिले. कच्चं, दगडासारखं, देठाशी चीक.

"ही पडली नाहीत," ते म्हणाले. कोणाला म्हणाले ते कळलं नाही.

मग ते निनादकडे गेले. "आपण आता थांबावं."

निनादला वाटलं ते दमलेत. म्हणाला, बापूसाहेब, थोडंच राहिलंय, तुम्ही आत जाऊन आराम करा, आणि तुम्हीच तर म्हणाला होतात, घरही आपलं आणि झाडही आपलं.

"घर आपलंच आहे. आजही आहे. आत यावं, जेवावं, राहावं." बापूसाहेबांचा आवाज चढला नव्हता. "झाड माझं नव्हतं. माझं नव्हतं ते मी देऊन बसलो. चूक माझी. हात जोडतो, माणसांना खाली उतरवावं."

निनाद काही म्हणायच्या आतच शिड्यांवरची माणसं उतरायला लागली. ती गावातलीच होती. त्यांच्यातल्या काहींनी लहानपणी या झाडाखाली तोंड वर करून उभं राहून खिरण्या खाल्ल्या असतील, असं मला वाटलं. मी विचारलं नाही. स्वयंपाकघराची कडी निघाली आणि कीर्ती बाहेर येऊन सासऱ्याच्या शेजारी उभी राहिली.

आता सिनेमावाल्याचं डोकं बघा. निनादने कपाळाला हात लावला नाही, भांडला नाही. झाडाभोवती एक फेरी मारली, आणि कॅमेरा न्हाणीघराच्या भिंतीला टेकून लावायला सांगितला. त्या बाजूने पाहिलं की फक्त ओरबाडलेल्या फांद्या दिसत होत्या. हिरवी बाजू चौकटीच्या बाहेर. त्याने खाली पानांचा ढीग नीट पसरवला, पंखा लावून थोडी उडवली, आणि तासाभरात शेवट चित्रित करून टाकला. जाताना बापूसाहेबांच्या पाया पडला.

संध्याकाळी समारोपात तो शेवट पडद्यावर दाखवला. आधी तीच पाटी, कोणत्याही प्राण्याला इजा झालेली नाही. ते खरंच आहे. मग उघडं झाड, देठातून ओघळणारे पांढरे थेंब, आणि मागे बासरी. सभागृहात माणसं डोळे पुसत होती. सकाळी जी मंडळी भिंतीला टेकून चहा पीत होती, तीच. माझ्या शेजारच्या बाई हुंदका देऊन म्हणाल्या, पेड़ में भी जान होती है. मी त्यांच्याकडे बघितलं तशा त्या एक खुर्ची सोडून बसल्या.

मला दोन शब्द बोलायला उभं केलं. मी दोनच बोलले. हे झाड सदाहरित आहे, ते रडत नाही आणि कोणी मेलं म्हणून पानं टाकत नाही. ती आज सकाळी माणसांनी खुडली आहेत, तुम्ही सगळ्यांनी पाहिलं आहे, आणि तरी तुम्ही इथे रडताय.  मग सचिव लगबगीने पुढे आले आणि त्यांनी माझ्या खांद्यावर शाल घातली. टाळ्या झाल्या. काय करता! नारळही दिला.

निघताना

दुसऱ्या दिवशी किल्ला पाहायचं ठरलं होतं. मी नाही म्हटलं. कीर्ती आणि मी मिळून अंगणातली पानं झाडली, आणि उघड्या फांद्यांना ऊन लागू नये म्हणून तिच्या जुन्या साड्या वर बांधल्या. तिच्या डोक्यात हे कुठून आलं माहीत नाही. उपयोग होईल का, तेही माहीत नव्हतं. एक जांभळी, एक हिरवी, एक लग्नातली जरीची. "पडून राहिल्या होत्या मावशी," ती म्हणाली. बुंध्याशी दिवसभर बादल्या ओतल्या. बापूसाहेब खुर्चीवर बसून होते. त्यांनी घास-दोन घास खाल्ले असतील.

रिक्षा आली तेव्हा ते दारापर्यंत आले. म्हणाले, "निनादजी आपल्याला भेटतील, आपलं क्षेत्र एक आहे. माझा एक निरोप द्यावा. शब्द दिला आणि फिरवला. आमच्या घरात असं कधी झालं नव्हतं. त्यांची माफी मागितली म्हणावं." फोनवर बोलायचा धीर होत नाही, असंही म्हणाले. मी मान हलवली. तेव्हा बोलले असते तर रिक्षावाला पळून गेला असता.

आता पावसाळा सरत आला आहे. कीर्ती फोटो पाठवत असते. हिरवी बाजू हिरवी आहे, यंदा चादरीवर जे काही पडलं ते तिकडचंच. दुसऱ्या बाजूला खालच्या काही फांद्यांना बारीक फुटवा आहे, वरच्या काळ्या पडल्या आहेत. पुढच्या वर्षी कळेल, म्हणते. निनादचाही संदेश आला. सिनेमा कुठल्याशा निसर्ग महोत्सवात निवडला गेला आहे, आणि पोस्टरवर छापायला माझे दोन चांगले शब्द हवे आहेत. मी उत्तर दिलं नाही.

बापूसाहेब, हा लेख कीर्ती तुम्हाला वाचून दाखवेल म्हणून इथेच सांगते. तुमचा निरोप मी दिलेला नाही आणि देणारही नाही. पाहुणीने मान हलवून दिलेला शब्द मोडला, तर मोडला. त्या माणसाचं तुम्ही काही देणं लागत नाही. ज्याचं लागता, त्या झाडाची माफी तुम्ही त्या सकाळी भर अंगणात मागितलीत, टोपीत कच्ची फळं घेऊन. त्याने माफ केलं की नाही ते पुढच्या वैशाखात चादर अंथराल तेव्हा बघा.